आधी एएनएम, मग बघू?

नर्स व्हायचंय, तर आधी एएनएम (गावातल्या आरोग्य सेविकेचा दोन वर्षांचा कोर्स) करू की थेट जीएनएम (हॉस्पिटलातल्या नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स), बारावीचा निकाल लागला की मला दरवर्षी हे पत्र येतं, फक्त गाव बदलतं. म्हणून या वेळी एकाच पत्राला जास्त जागा देतेय, बाकीच्या तिघांना थोडक्यात उत्तर दिलंय, त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : ताई, मी यंदा बारावी सायन्स झाले, पीसीबीला ५२ टक्के आहेत. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू आहे, पप्पांना शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नाही, भाऊ यंदा नववीत गेला. मागच्या वर्षी आजीला नांदेडला ॲडमिट केलं होतं तेव्हा १२ दिवस मी आयसीयूच्या बाहेर बसून होते, तिथल्या सिस्टरना बघून ठरवलं की आपण हेच करायचं. पण शेजारच्या काकू म्हणतात एएनएम कर, दोन वर्षांत मोकळी होशील, जिल्हा परिषदेत लागशील, नंतर वाटलं तर जीएनएम करता येतंच की. मम्मीला पण तेच पटतंय कारण तीन-चार वर्षांचा खर्च झेपेल का ही भीती आहे. नर्सिंगची सीईटी दिली होती पण मार्क कमी आलेत. माझं शिक्षण मराठी मीडियममधून झालंय. काय करू?

उत्तर : पोरी, तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, "नंतर वाटलं तर जीएनएम करता येतंच की". करता येतं, काकू खोटं सांगत नाहीयेत, रजिस्टर्ड एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो हे नियमातच आहे. पण पुढची गोष्ट काकूंनी सांगितली नाही, त्यांना माहीत नसेल कदाचित, की तो प्रवेश पहिल्या वर्षाला मिळतो. डिप्लोमा केलेली पोरं कशी इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयरला बसतात तसं आपल्याकडे नाही, एएनएमची दोन वर्षं जीएनएममधून वजा होत नाहीत. आता हिशोब मांड. एएनएम २ वर्षं, त्यातले शेवटचे ६ महिने इंटर्नशिपचे. जीएनएम ३ वर्षं. पुढं डिग्री पाहिजे असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. अजून २ वर्षं. झाली ७. आणि तीच बी.एस्सी. नर्सिंगची डिग्री बारावीवरून थेट केली तर ४ वर्षांत हातात येते. मधे नोकरी केली, लग्न झालं, एखादं लेकरू झालं तर ही ७ वर्षं कुठल्या कुठं जातात ते तूच बघ.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये, मी स्वतः याच वाटेनं गेलेय. १९८६ ला मी दहावीवर एएनएमला गेले, तेव्हा दहावी चालायची आणि कोर्स १८ महिन्यांचा होता. सुरगाणा तालुक्यात एका उपकेंद्रावर ५ वर्षं काढली. पावसाळ्यात रस्ता बंद, लाइट नाही, कंदील धरायला सासूबाई आणि खाटेवर बाळंतीण, अशी किती बाळंतपणं माझ्या हातून झाली त्याचा आकडा तेव्हा शंभराच्या वर गेला होता. मग मला वाटलं आता मोठ्या दवाखान्यात काम करायचं, म्हणून जीएनएमला गेले, आणि पहिल्या टर्मला मला परीक्षा कशाची तर पेशंट बेडवर असताना चादर कशी बदलायची त्याची, ऑक्युपाईड बेड. शेजारी सगळ्या सतरा-अठराच्या मुली, थर्मामीटर पहिल्यांदा हातात घेतलेल्या, आणि मी त्यांच्याबरोबर परत एकदा नाडी मोजायला शिकत होते. घरी दीड वर्षाची मुलगी आईजवळ ठेवलेली. रात्री होस्टेलवर रडू यायचं ते अभ्यासाचं नव्हतं, तीन वर्षं परत पहिल्यापासून भरायची याचं होतं. त्या वेळी हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी दहावीनंतर दोन वर्षं थांबून बारावी केली असती.

पण याच्यावरून असं समजू नकोस की एएनएम म्हणजे काहीतरी कमी प्रतीचं शिक्षण आहे, तसं कुणी बोललं की मला फार लागतं. एएनएम ही पूर्ण वेगळी नोकरी आहे. साध्या भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० ला एक, आणि तिथली आरोग्य सेविका म्हणजे त्या गावांचा दवाखानाच. गरोदर बाईची नोंद, वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, महिन्याच्या ९ तारखेची तपासणी, लसीकरणाचं सत्र, कुटुंब नियोजन, तांबी बसवणं, बीपी-शुगरचे पेशंट शोधणं, आशाताईंच्या मागं लागून राहिलेली लेकरं गोळा करणं, आणि वर रजिस्टरं, ऑनलाइन एंट्र्या. बीसीजीच्या लसीची बाटली एकदा सोबतचं द्रावण घालून तयार केली की ४ तासांत संपवायची नाहीतर टाकून द्यायची, त्यामुळं आठ मैलांवरच्या वाडीत दोनच बाळं आली तर बाटली फोडायची की नाही हा निर्णय तिथं डॉक्टर नसतो, तो तुला एकटीला घ्यायचा असतो, आणि माझं मत विचारशील तर फोडायची, ते बाळ पुढच्या महिन्यात येईल याची खात्री कुणी द्यावी. कोरोनाची लस २०२१ मध्ये गावागावात कुणी टोचली ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. ज्या मुलीला गाव, बाया, बाळं यातच काम करायचंय तिनं खुशाल एएनएम करावं.

तू मात्र पत्रात लिहिलंस की आयसीयूच्या बाहेर बसून तुला वाटलं. मग खरा प्रश्न तो आहे. सरकारी हॉस्पिटलात वॉर्डातल्या सिस्टरची जी पोस्ट असते, अधिपरिचारिका, तिला जीएनएम किंवा बी.एस्सी. लागतं, एएनएमला तो फॉर्मच भरता येत नाही. एएनएमची सरकारी वाट म्हणजे आरोग्य सेविका आणि पुढं बढती मिळाली तर आरोग्य सहायिका. वॉर्डाची वाट वेगळी, अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका, आणि शिकवायला जायचं तर पोस्ट बेसिक किंवा एम.एस्सी. करून ट्यूटर. परदेशात जायचं मनात आलं तर तिथंही जीएनएम-बी.एस्सी.वाल्यालाच रजिस्टर्ड नर्स म्हणून विचारतात. आता कुणी म्हणेल की आमच्या तालुक्याच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात एएनएमच आयसीयू सांभाळते. हो, सांभाळते, मीही बघितलंय, नाइट पण तीच करते, सलाईन, इंजेक्शन, मॉनिटर सगळं तीच बघते, आणि पगार घेताना तिला सांगतात तू एएनएम आहेस. हे तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

"दोन वर्षांत जिल्हा परिषदेत लागशील" हेही जरा तपासून घे. भरती दरवर्षी निघत नाही, निघाली की एकेका जागेला किती फॉर्म येतात ते काकूंच्याच घरात कुणी भरला असेल तर विचार. मधल्या काळात बहुतेक मुली कंत्राटी कामाला लागतात, ११ महिन्यांची ऑर्डर, परत नवी ऑर्डर. ते वाईट आहे असं नाही, अनुभव मिळतो, पण मम्मीच्या डोक्यात जर "दोन वर्षांनी पगार सुरू, पर्मनंट" असं चित्र असेल तर ते चित्र आत्ताच दुरुस्त केलेलं बरं.

आता पैशाचं. मम्मीची भीती खरी आहे आणि तिला मी उडवून लावणार नाही. भाऊ नववीत गेलाय ना, मग असं बघ, एएनएम केलंस तर तो दहावी होईल तेव्हा तू बाहेर पडशील, जीएनएम केलंस तर तो अकरावी होईल तेव्हा. म्हणजे फरक एका वर्षाचा आहे, आणि त्याचा मोठा खर्च, म्हणजे कॉलेज, तो बारावीनंतरच येणार आहे. एका वर्षासाठी पुढची तीस वर्षं दुसऱ्या रांगेत उभं राहायचं का, हे मम्मीपप्पांसमोर कागद-पेन घेऊन बसून बोल, माझं नाव सांग हवं तर. सरकारी नर्सिंग स्कूलला फी प्रायव्हेटच्या मानानं खूपच कमी असते, त्यामुळं पहिला जोर तिथं लाव, परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर सगळीकडे अर्ज कर, घराजवळच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. मुलींच्या फीबद्दल जुलै २०२४ मध्ये सरकारचा निर्णय झालाय, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, पण केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तुला ज्या कॉलेजात सीट मिळते तो कोर्स त्यात बसतो का हे प्रवेश घ्यायच्या आधी विचार, आणि तोंडी "हो हो होईल" वर जाऊ नकोस. उत्पन्नाचा दाखला, जातीचा, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर लागत असेल तर तो, हे आत्ताच तहसीलमधून काढून ठेव, प्रवेशाच्या आठवड्यात सेतूवर गर्दी असते आणि दाखल्यापायी सीट गेलेल्या मुली मी दर वर्षी बघते. अगदीच लागलं तर शैक्षणिक कर्ज, ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. आणि फीची चौकशी करताना फक्त फी विचारू नकोस, होस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस, परीक्षा फी, पुस्तकं असं सगळं एका कागदावर लिहून घे, घरचं बजेट बिघडतं ते या बाकीच्यामुळंच.

जीएनएम की बी.एस्सी.? तुझे ५२ टक्के आहेत, बी.एस्सी.ला पीसीबी आणि इंग्लिश मिळून ४५ लागतात, म्हणजे तू पात्र आहेस, अडचण सीईटीच्या मार्कांची आहे. सरकारी किंवा चांगल्या नावाच्या कॉलेजात बी.एस्सी.ची सीट फीसवलतीत मिळाली तर डोळे झाकून घे, डिग्री विद्यापीठाची असते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, पुढं एम.एस्सी.ला अडत नाही. पण तशी सीट मिळाली नाही म्हणून कर्ज काढून कुठल्यातरी लांबच्या कॉलेजात बी.एस्सी. करू नकोस, त्यापेक्षा पेशंटनं भरलेल्या सरकारी हॉस्पिटलला जोडलेल्या स्कूलमधलं जीएनएम कितीतरी चांगलं. हे माझं ठाम मत आहे आणि याच्यावर माझ्या बरोबरीच्या ट्यूटर माझ्याशी भांडतात. त्या म्हणतात डिग्री ती डिग्री. मी म्हणते हात पेशंटवर बसले पाहिजेत, डिग्री नंतरही दोन वर्षांत पोस्ट बेसिकनं मिळते, पण विशीत जो हात बसला नाही तो नंतर बसवायला फार त्रास होतो. जीएनएम बंद होणार असं कुणी सांगेल, २०१९ ला भारतीय परिचर्या परिषदेनं (नर्सिंग कौन्सिलनं) तसं ठरवलं पण होतं, पण कोर्स चालूच राहिला, त्या भीतीनं काही ठरवू नकोस. दोन्ही कोर्सनंतर रजिस्ट्रेशन एकच होतं, रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ.

कॉलेज कसं बघायचं ते सांगते, हे नीट वाच. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते साइटवर बघ, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची पण बघ, जीएनएम-एएनएम असेल तर परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची आहे ना ते बघ. हे झालं कागदाचं. मग पप्पांना घेऊन स्वतः जा, रविवारी नाही, मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला, आणि कॉलेजची बिल्डिंग बघत बसू नकोस, त्यांचं हॉस्पिटल बघ. कॉलेजला स्वतःचं निदान १०० बेडचं हॉस्पिटल लागतं, ते कागदावर असतंच, तू वॉर्डात जाऊन बघ की बेडवर माणसं आहेत का. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचार की ताई तू आत्तापर्यंत किती डिलिव्हरी केल्यास, स्वतः, नुसत्या बघितल्या नाहीस. तिनं पटकन आकडा सांगितला तर समज शिकवतात. ती जर हसून दुसरीकडे बघायला लागली तर घरी ये. आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी कुणी ठेवून घेतो म्हणालं तर झेरॉक्स ॲटेस्ट करून दे, ओरिजिनल दाखव आणि परत घे. मला अशा मुली माहीत आहेत ज्यांना कोर्स सोडायचा होता आणि कागद अडकले म्हणून बसून राहिल्या.

मराठी मीडियमची भीती बाळगू नकोस, मीही मराठीच. पहिली टर्म जड जाते, ॲनाटॉमीच्या पुस्तकाचं एक पान वाचायला तास लागतो, रडू येतं, सगळ्यांना येतं. वॉर्डातलं इंग्लिश वेगळंच असतं आणि ते तू महिन्याभरात शिकशील, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज लागली तर, एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. ही एवढी अक्षरं आत्तापासून वहीत लिही. प्रवेशाला अजून वेळ आहे तोवर रोज एक पान इंग्लिश मोठ्यानं वाच, समजलं नाही तरी वाच, जीभ वळू दे. हॅण्डओव्हर देताना, म्हणजे ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, जीभ वळली पाहिजे, तिथं सकाळची सिस्टर घाईत असते.

मी एएनएम कुणाला सांगते तेही सांगून टाकते म्हणजे तुझा गोंधळ उरणार नाही. आर्ट्सची बारावी झालेली, पदरी लेकरू असलेली, माहेरी परत आलेली तीस-बत्तिशीची बाई विचारते ना, तिला सांगते, प्रवेशाला ३५ वयापर्यंत चालतं, घराजवळ राहून काम होतं, गावात मान मिळतो. किंवा तुझ्यासारखीच एखादी पण घरात कमावणारं कुणीच उरलं नाही, तिला एक वर्षसुद्धा जड आहे, तर ती करेल आणि पुढं बघेल. तुझं तसं नाहीये. पप्पा आहेत, शेती आहे, भाऊ लहान आहे. तू थेट जा. आणि काकूंशी वाद घालू नकोस, त्यांनी चांगल्या मनानं सांगितलंय, फक्त तो ७ वर्षांचा हिशोब त्यांनाही दाखव.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावाजवळ शहरात एक इन्स्टिट्यूट आहे, सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स, फी ४० हजार, सर्टिफिकेट आणि हॉस्पिटलमध्ये १०० टक्के नोकरी म्हणतात. मुलगी दहावी झालीय. घालू का? – एक आई, जि. जळगाव

उत्तर : ताई, पैसे भरले नसतील तर थांबा. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. नर्स म्हणून काम करायला परिचर्या परिषदेत नाव नोंदवावं लागतं, आणि नोंद होते ती एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. असल्या मान्य कोर्सचीच. त्या इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारा, "या सर्टिफिकेटवर माझ्या मुलीचं परिषदेत रजिस्ट्रेशन होईल का, लेटरहेडवर लिहून द्या." लिहून देत नाहीत.

रुग्ण सहाय्यकाचे, म्हणजे पेशंटला अंघोळ घालणं, कूस बदलणं, व्हीलचेअर, बेडपॅन, जेवण भरवणं या कामाचे छोटे कोर्स खरंच असतात, ते काम चांगलं आहे, गरजेचं आहे, आणि ते त्याच नावानं शिकवलं तर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला नर्सिंग म्हणून विकण्याची. माझ्याकडे एक मुलगी आली होती असला कोर्स केलेली, तिला तिथं शिरेतून इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं आणि कुठलं औषध हळू द्यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला एका छोट्या दवाखान्यात रात्रीला एकटीला ठेवलं होतं. काही झालं असतं तर डॉक्टर हात वर करून मोकळे झाले असते आणि ही १९ वर्षांची पोर अडकली असती. तुमच्या मुलीची दहावीच झालीय ना, मग तिला अकरावीला घाला, सायन्स झेपत असेल तर सायन्स, नाहीतर आर्ट्स घेऊनही जीएनएमला जाता येतं, ४० टक्के आणि इंग्लिश विषय पाहिजे. ते ४० हजार तोवर पोस्टात ठेवा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी पुण्याची, बी.कॉम., आता ११ वर्षं न्यू जर्सीत. वय ३६, दोन मुलं शाळेत, ग्रीन कार्ड आलंय. बाबांच्या आजारपणापासून नर्सिंग करायचं डोक्यात आहे. इथं एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) एका वर्षात होतं, आरएनला (रजिस्टर्ड नर्स) वेळ लागतो. आधी एलपीएन करून कमवत कमवत आरएन करावं का? की थेट? तुमच्याकडचं एएनएम-जीएनएमचं लॉजिक इथं लागू होतं का?

उत्तर : पूर्ण लागू होत नाही, आणि म्हणूनच तुमचं पत्र घेतलं. माझी एक विद्यार्थिनी तिकडे बरीच वर्षं आरएन आहे, तिच्याशी बोलून लिहितेय. आपल्याकडे एएनएमला परत पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागतं, तुमच्याकडे एलपीएन ते आरएन असे ब्रिज प्रोग्रॅम असतात, त्यात आधीच्या शिक्षणाचं काहीतरी धरतात. काहीतरी म्हणतेय ते मुद्दाम. किती धरतात हे त्या त्या कॉलेजवर आहे, आणि कुठल्याशा खाजगी व्होकेशनल स्कूलमधून एलपीएन केलं तर त्याचे क्रेडिट कम्युनिटी कॉलेज घेईलच असं नसतं. तेव्हा उलट्या बाजूनं सुरुवात करा, आधी तुम्हाला आरएन कुठून करायचंय ते कॉलेज ठरवा, त्यांच्या ॲडव्हायझरला विचारा की तुम्ही कुठल्या एलपीएनचे किती क्रेडिट घेता, आणि ईमेलवर उत्तर घ्या.

पण मला तुमच्या पत्रात दुसरंच दिसलं, तुमचं बी.कॉम. तिकडे दुसऱ्या विषयातली डिग्री असलेल्यांसाठी ॲक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे कमी वेळात होणारी नर्सिंगची डिग्री असते, साधारण १२ ते १८ महिने. त्याच्या आधी ॲनाटॉमी-फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असले प्रीरिक्विझिट करावे लागतात, ते कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी किंवा काही ऑनलाइन होतात. पुण्याची डिग्री इव्हॅल्युएट करून घ्यावी लागेल, त्याला वेळ लागतो, ते आजच सुरू करा. म्हणजे तुमच्यासाठी एलपीएनचं एक वर्ष आणि बीएसएनचं दीड वर्ष अशी तुलना आहे, प्रीरिक्विझिट धरून वर अजून एखादं वर्ष. पगारातला फरक बघा, २०२४ च्या सरकारी आकड्यांप्रमाणं एलपीएनचा मधला वार्षिक पगार ६२ हजार डॉलरच्या आसपास, आरएनचा ९३ हजारांच्या वर. कामातही फरक आहे, एलपीएन जास्त करून नर्सिंग होम, वृद्धांची सेवा, क्लिनिक इथं, पेशंटचं पहिलं पूर्ण ॲसेसमेंट आरएनच करते, शिरेतून काय द्यायचं काय नाही याला राज्याराज्याचे वेगळे नियम.

ॲक्सिलरेटेडची अडचण एकच, ते पूर्ण वेळ असतं आणि त्या काळात नोकरी जवळपास होत नाही, क्लिनिकल सकाळी ६:४५ ला सुरू होतं, मुलांना शाळेत कोण सोडणार हे आधी ठरवावं लागेल. भारतातून सासू किंवा आई सहा महिने येऊ शकत असतील तर ते सहा महिने कुठल्या सेमिस्टरला वापरायचे ते विचार करून ठेवा, माझी विद्यार्थिनी म्हणते मेडिकल-सर्जिकलची टर्म सगळ्यात जड. पूर्ण वेळ जमणारच नसेल तर कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा आरएन बघा, फी कमी, आणि बीएसएन नंतर ऑनलाइन नोकरी सांभाळून करतात. त्याचीही लायसन्सची परीक्षा तीच, एनक्लेक्स-आरएन. ग्रीन कार्ड आहे म्हणजे एफएएफएसए हा सरकारी मदतीचा फॉर्म भरून सरकारी कर्जाला तुम्ही पात्र आहात, फक्त आधीची डिग्री असल्यामुळं पेल ग्रांट, म्हणजे परत न करायची सरकारी मदत, बहुधा मिळणार नाही, त्यावर बजेट करू नका.

एलपीएन मी तुम्हाला एकाच परिस्थितीत सांगेन, घरात दुसऱ्या पगाराची गरज याच वर्षी आहे अशी. तसं तुम्ही लिहिलेलं नाही. आणि काही ठरवायच्या आधी एखाद्या नर्सिंग होममध्ये काही शनिवार व्हॉलंटियर करून या. बाबांची सेवा केली तशी परक्याच्या बाबांची करवते का, हे ३६ व्या वर्षी फी भरायच्या आधी कळलेलं बरं.

प्रश्न : मी मुलगा आहे, बारावी आर्ट्स, कोल्हापूर जिल्हा. एएनएमचा फॉर्म भरू का? मित्र हसतात.

उत्तर : एएनएम फक्त मुलींसाठी आहे बाळा, तुझा फॉर्म तिथं घेणार नाहीत. तू जीएनएमचा भर, ४० टक्क्यांच्या वर असशील आणि इंग्लिश असेल तर आर्ट्स चालतं, सायन्सवाल्यांना आधी विचारतात एवढंच, म्हणून एकाच ठिकाणी भरून थांबू नकोस, पाच-सहा ठिकाणी भर. मुलांच्या सीट सगळीकडे सारख्या नसतात आणि काही स्कूलला मुलांचं होस्टेलच नसतं, ते आधी फोन करून विचार. मित्रांचं म्हणशील तर माझ्या वॉर्डात अपघाताचा नव्वद किलोंचा पेशंट आला आणि त्याला मान न हलवता ट्रॉलीवरून बेडवर घ्यायचं असलं की सगळ्यात आधी आम्ही ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला हाक मारायचो, आणि रात्री तीनला दारू पिऊन नातेवाईक अंगावर आले की तोच पुढं उभा राहायचा. चांगल्या ब्रदरला कामाची कमी पडलेली मी बघितली नाही. फॉर्म भरलास की कळव, इंटरव्ह्यूला काय विचारतात ते पुढच्या वेळी लिहीन.